पाचव्या महिन्यात युरिन इन्फेक्शन झालंय, डॉक्टरांनी सेफालेक्सिन हे अँटिबायोटिक दिलंय, सासूबाई नको म्हणतायत. घेऊ का?

हो ताई, घ्या आणि कोर्स पूर्ण करा, सेफालेक्सिन प्रेग्नन्सीत बरीच वर्षं वापरात आहे आणि सेफ समजलं जातं. मी घणसोलीत फार्मसिस्ट आहे, हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो. बार्लीचं पाणी खुशाल प्या पण त्याने इन्फेक्शन जात नाही, आणि तसंच सोडलं तर ते किडनीपर्यंत चढू शकतं, मग वेळेआधी डिलिव्हरीचीही रिस्क वाढते, म्हणूनच जळजळ नसली तरी कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट) जंतू आले तर गरोदरपणात ट्रीटमेंट देतात. खरी भीती घरातल्या उरलेल्या गोळ्यांची, अर्धी कापलेली स्ट्रिप दाखवून 'हीच द्या' म्हणणारे रोज येतात. त्यात डॉक्सीसायक्लिन असेल तर बाळाच्या दातांवर-हाडांवर परिणाम होऊ शकतो, सिप्रोफ्लॉक्सॅसिनही शक्यतो टाळतात, आणि नायट्रोफ्युरँटॉइन डॉक्टरांनी दिलं तर चालतं पण शेवटच्या दिवसांत नाही. फक्त एक, पूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी आली असेल तर पहिली गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. आणि थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं किंवा उलट्या सुरू झाल्या तर कल्चरच्या रिपोर्टची वाट बघू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.