‘मी चांगली आई नाही’ असे वाटते तेव्हा

“मॅडम, मी चांगली आई नाही हो,” हे वाक्य मी इतक्या तरुण मातांच्या तोंडून ऐकते, आणि त्यातही 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपवून कामावर रुजू झालेल्यांकडून, की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

त्यांपैकी एकीची हकीकत तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून सांगते. बँकेतली नोकरी, आठ महिन्यांचा मुलगा, घरी समंजस नवरा आणि सासूबाई. “सगळे मदत करतात, तरी मी बाळावर खेकसते आणि मग रात्री रडत बसते. माझ्यातच काहीतरी कमी आहे,” ती म्हणाली. मी बाळाविषयी न विचारता तिच्या झोपेविषयी विचारले, तेव्हा ती गोंधळली. सलग चार तास झोप शेवटची कधी मिळाली, हे तिला आठवेना.

पुढे एका भेटीला मी तिघांनाही बोलावले. “ती सांगेल ते सगळं मी करतो,” नवरा मनापासून म्हणाला. मी विचारले, “बाळाची गोवर-रुबेलाची लस कधी आहे?” त्याने बायकोकडे पाहिले. “रात्री ताप चढला तर औषध किती द्यायचे?” त्याने पुन्हा तिच्याकडेच पाहिले. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने सासूबाईच म्हणाल्या, “माझ्या बाळंतपणात सव्वा महिना मला कुणी खोलीबाहेर येऊ दिलं नाही. नंतरही पोर रडलं की जाऊबाई न सांगता उचलून न्यायच्या. हिला मात्र प्रत्येक गोष्ट आम्हाला सांगावी लागते.” हे ऐकताच तिचा बांध फुटला. त्या घरात माया भरपूर होती, राबणारे हातही होते. पण सगळे लक्षात ठेवण्याचे ओझे एकटीच्या डोक्यावर होते. हे मी समजावले असते तर तो उपदेश ठरला असता. आईच्या तोंडून आल्यामुळे ते मुलाच्या मनाला भिडले. योग्य प्रश्न विचारून गप्प राहणे हे माझ्या कामातले सर्वांत मोलाचे कौशल्य आहे, असे मी अनुभवाने मानते.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सांगितले की, बाळाला निर्दोष आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. बाळाला सांभाळणाऱ्या आईलाही भोवतालच्यांनी सांभाळावे लागते, हे त्यांचे म्हणणे मात्र आपण सहसा विसरतो.

म्हणून कुटुंबांना माझा आग्रह असतो की, सुटी कामे न उचलता एखादी जबाबदारी मुळापासून घ्यावी. या घरात लसी, डॉक्टरांच्या भेटी आणि संध्याकाळचे खिमट नवऱ्याकडे आले. मध्यरात्रीपर्यंत बाळ उठले तर त्यानेच पाहायचे, असेही ठरले. तो खिमट पातळ करील, लंगोट सैल बांधील, तरी टोकू नका, अशी विनंती मी सासूबाईंना केली. ती पाळणे त्यांना जड गेले, पण त्यांनी ती पाळली. झोप मिळू लागल्यावर काही आठवड्यांत तिची चिडचिड ओसरली आणि बाळाचे रडणे तिला स्वतःवरचा ठपका वाटेनासे झाले.

मात्र प्रत्येक वेळी एवढ्याने भागत नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळ झोपलेले असतानाही झोप येत नसेल, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. असे विचार येणाऱ्या आईला घरच्यांनी क्षणभरही एकटे सोडू नये. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, आणि तो आईनेच फिरवला पाहिजे असे नाही. घरातील कोणीही फिरवू शकते.