रायफल्ड नळी जाड आहे म्हणून ७०० ग्रेनच्या स्लगमागे जास्त दारू भरली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहता, हरणाच्या सीझनसाठी बारा बोअरच्या पंप शॉटगनला गनस्मिथकडून जाड रायफल्ड नळी (आतून पिळदार खाचा असलेली) बनवून घेतली आहे, आणि आता घरी भरलेले ७०० ग्रेनचे (साधारण ४५ ग्रॅमचे) स्लग, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी, तिच्यातून दणकून मारायचे आहेत. दणकून मारू नका.

जाड नळी कमी थरथरते, उशिरा तापते, नेम सुधारतो. पण किती दाब सोसायचा हे एकटी नळी ठरवत नाही. अमेरिकेत बारा बोअरच्या पावणेतीन आणि तीन इंची काडतुसांची दाबाची कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे; .३०८ रायफलची ६२,०००. तुमच्या बंदुकीचा बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा भाग), त्याचं लॉक आणि काडतुसाचं प्लॅस्टिकचं कवच हे सगळं त्या लहान आकड्यासाठी घडवलंय. नळी नवी आली, बाकी सगळं तेच राहिलं.

त्यात जड स्लग जागचा लवकर हलत नाही. मागे दारू जळतच असते, जागा मिळत नाही, दाब चढतो. म्हणून एक औंसाच्या, म्हणजे साधारण ४३७ ग्रेनच्या स्लगसाठी छापलेलं दारूचं माप इथे वापरणं म्हणजे सरळ घात. तुमच्याच वजनाच्या स्लगसाठी छापलेलं माप शोधा आणि त्यातलं कवच, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी), वॅड (दारू आणि स्लगमधली गादी) काहीही बदलू नका. रायफलवाले चपटा झालेला प्रायमर बघून दाब ओळखू पाहतात. शॉटगनमध्ये ती खूण दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, तिच्या भरवशावर राहू नका.

दुसरं, माप जुळवा. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलून काढा आणि खाचांचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. खाचांपेक्षा मोठा, कडक शिशाचा स्लग दाब आणखी वाढवतो. चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) लांबी नळीवर कोरलेली असायला हवी. नसेल तर गनस्मिथकडून मोजून घ्या. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस बसतं, पण उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला पुढे जागा नसते. आणि खिशात वीस बोअरचं (आकडा मोठा, पण काडतूस बारीक) काडतूस चुकूनही नको. ते बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून दुसरं उडालं की नळी फाटते. वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात ती याच भीतीने.

जड स्लग मुळात संथच बरा. जॉर्ज फॉस्बेरी या हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८५ साली पेटंट घेतलेल्या पॅराडॉक्स बंदुका (नळीच्या शेवटच्या काही इंचांतच खाचा) ७०० ग्रेनच्या पुढची गोळी सेकंदाला जेमतेम ११०० फुटांनी फेकत, आणि इकडच्या शिकाऱ्यांना त्या पुरत. वेगाच्या हट्टापायी ७-८ पौंडांची बंदूक .३०-०६ या नेहमीच्या शिकारी रायफलच्या दुपटीहून जास्त धक्का देते. स्कोप (नेमाची दुर्बीण) डोळ्याजवळ असेल तर भुवई फुटलीच समजा.

पहिले बार खांद्याला लावून नकोतच. बंदूक स्टँडमध्ये आवळा, चाप लांबून दोरीने ओढा. आणि मागे मातीचा उंच बांध हवा. पेनसिल्व्हानियात २००७ साली झालेल्या अभ्यासात असं निघालं की सपाट झाडलेला स्लग जमिनीवरून उसळून रायफलच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकतो.

लांबचं हरीणच मारायचं असेल, तर ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या (तोंडाकडे गळ्यासारख्या न निमुळत्या होणाऱ्या) काडतुसांच्या रायफली चालतात. मी तुमच्या जागी असतो तर त्यातलीच .४५० बुशमास्टर काडतुसाची रायफल घेतली असती.