ज्युनिपर तपकिरी का पडतो? नागपूरच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मनीषनगरात आमच्या अंगणाची माती काळी, चिकट आहे. नोव्हेंबरात लावलेल्या तीन पसरट ज्युनिपरनी (शोभेची सदाहरित झुडपं) पूर्ण उन्हाळा काढला. ऑगस्टअखेर मात्र त्यातला एक तपकिरी व्हायला लागला. पाणी कमी पडत असेल म्हणून रोज बादलीभर घातलं, तरी सप्टेंबरात तो वाळलाच. उरलेले दोन कसे वाचवायचे?

उत्तर : आधी रोजची बादली बंद करा. हे झाड तहानेने गेलेले नाही, त्याची मुळे कुजली आहेत. पावसाळ्यात काळी माती फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि हवेविना मुळे मरतात. मेलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे वर झाड सुकल्यासारखेच दिसते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळेही जातात.

ज्युनिपरच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्याची पाने बारीक, खवल्यांसारखी आणि मेणचट असल्याने मूळ मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवी राहतात. आज दिसणारा तपकिरी रंग महिना-दीड महिन्यापूर्वीच्या दुखण्याचा असतो. तुमच्या झाडाचे दुखणे जुलैच्या झडीत सुरू झालेले असणार.

उरलेल्या दोन झाडांच्या कडेला वीतभर खणून मुळे पाहा. निरोगी मूळ घट्ट असते आणि नखाने खरवडले की आत पांढरे निघते. कुजलेले मूळ काळपट असते, ओढल्यावर साल मोज्यासारखी हातात येते आणि आतला दोरा तेवढा मागे राहतो. मुळे बहुतांशी चांगली असतील तर पाऊस पूर्ण उघडल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, दोन्ही झाडे मातीच्या गड्ड्यासह उचलून उंचवट्यावर बसवा. उंचवटा चार फूट रुंद आणि एक ते दीड फूट उंच हवा. मिश्रणासाठी दोन घमेली मुरूम, एक घमेले जाड रेती, एक घमेले अंगणातली माती आणि एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत या प्रमाणात घ्या. खालची काळी जमीन चार-पाच इंच फक्त सैल करा. काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात रेती भरण्याची चूक सर्रास होते. आजूबाजूचे सगळे पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि तिथेच साचून राहते. बुंध्याची आधीची मातीची पातळी नव्या मातीच्या वर इंचभर राहू द्या. मेलेल्या झाडाच्या जागी लगेच दुसरा ज्युनिपर लावू नका, कुजवणारी बुरशी त्या मातीत राहते.

उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळे तुटतात. म्हणून फेब्रुवारीतच दोन-तीन इंच वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घाला. बुंध्याभोवती मात्र चार बोटे जागा मोकळी ठेवा. आपल्याकडच्या मातीत चुनखडी असते, तिची काळजी नको. ज्युनिपरला ती चालते.

प्रश्न : धरमपेठेत टेरेसवर बारा इंची प्लास्टिकच्या गमल्यात ज्युनिपर आहे. मे महिन्यात किती पाणी द्यायचं? कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी घातलं तर चालेल का?

उत्तर : कूलरचे पाणी घालू नका. कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार टाकीतच उरतात. बोअरचे पाणी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. ते क्षार गमल्यात साठले की पानांचे शेंडे वाळक्या गवताच्या रंगाचे होतात. मातीवर पांढरा थर दिसत असेल तर एकदा गमल्याच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या.

पाण्याचा दिवस ठरवण्यापेक्षा बांबूची काडी तीन इंच खोल खुपसून पाहा. काडी ओलसर निघाली तर थांबा, कोरडी निघाली तर तळातून बाहेर येईपर्यंत पाणी घाला. डिसेंबरात साधारण तीन-चार दिवसांनी पाणी लागेल. मे महिन्यात रोज सकाळी, आणि नवतप्यात (मेअखेर सुरू होणाऱ्या नऊ कडक दिवसांत) संध्याकाळीही काडी घालून पाहा. भर दुपारी तापलेल्या गमल्यात पाणी घालू नका. पावसाळ्यात गमल्याखालची बशी काढून दोन विटांवर गमला ठेवा.

४५ अंशांच्या उन्हात झाडापेक्षा गमला लवकर तापतो. काळ्या प्लास्टिकच्या कडेला चिकटलेली मुळे तर अक्षरशः भाजतात. हा गमला मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधली जागा रेतीने भरा आणि रेती ओली ठेवा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ५० टक्क्यांची हिरवी नेट बांधा, किंवा सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशा पूर्वेच्या भिंतीशी गमला सरकवा. गमला बदलायचा तर नोव्हेंबर ते जानेवारीत. दोन भाग जाड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग तांबडी माती आणि एक भाग गांडूळखत पुरे. नुसते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, पावसाळ्यात ते चिंब राहते.

प्रश्न : मार्चपासून झाड राखाडी, धुळकट दिसतंय. धुतलं तरी चमक येत नाही. नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फवारलं, उपयोग झाला नाही.

उत्तर : बहुधा लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारा अगदी बारीक जीव, आहे. फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. मिरपुडीएवढे ठिपके चालू लागले आणि बोटाने चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, तर शंका उरत नाही. कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे इमिडाक्लोप्रिड त्याच्यावर चालत नाही. उलट कोळ्यांना खाणारे उपयोगी कीटक मरून कोळी वाढण्याचीच शक्यता असते.

सकाळी पाइपाला नोझल लावून, पानांच्या आतल्या बाजूला जोराचा फवारा बसेल असे झाड धुवा. चार-पाच दिवसांच्या अंतराने तीनदा करा. बहुतेक घरच्या झाडांना एवढे पुरते. नाहीच आटोक्यात आले तर स्पायरोमेसिफेन २२.९ टक्के हे कोळीनाशक, लिटरला १ मिली, संध्याकाळी फवारा. हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून. गंधकाची पावडर आणि निंबोळी तेल आपल्या उन्हाळ्यात नकोच, पाने करपतात. निळसर जातीचा ज्युनिपर असेल तर तेलाने तिचा निळा लेपच निघून जातो. राखाडी झालेली पाने परत हिरवी होत नाहीत. सुधारणा झाली की नाही, ते नव्या फुटीवरून ठरवा.

प्रश्न : आकार देण्यासाठी माळ्याने कात्रीने सगळीकडून छाटला. आता आतल्या फांद्या उघड्या पडल्यात. फुटतील का?

उत्तर : जिथे हिरवे पान शिल्लक नाही, तिथून फुटणार नाही. जास्वंद, मेंदी जुन्या लाकडातून फुटतात, ज्युनिपर नाही. शेजारची हिरवी फांदी हळूहळू त्या पोकळीकडे वळवून, सुतळीने सैल बांधून जागा भरता येते, पण त्याला दोन-तीन वर्षे लागतात. पुढच्या वेळी डिसेंबर-जानेवारीत, एकेक लांब फांदी आतल्या हिरव्या उपफांदीपाशी सिकेटरने (फांद्या कापायच्या हातकात्रीने) कापा. एका वेळी पाव हिस्स्यापेक्षा जास्त हिरवळ काढू नका. सपाट कात्री फिरवली की खवल्यांची अर्धवट कापलेली टोके तपकिरी पडतात. छाटणीनंतर सुयांसारखी टोकदार पाने आली तर घाबरू नका. ती चिनी ज्युनिपरची बालपणीची पाने आहेत, पुढे पुन्हा खवले येतात.

प्रश्न : भेट मिळालेला ज्युनिपर बोन्साय हॉलमध्ये ठेवलाय. एसी असतो, खिडकीही जवळ आहे.

उत्तर : आजच बाहेर काढा. ज्युनिपर घरातले झाड नाही. त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते, ते खिडकीच्या काचेआड मिळत नाही. आठवडाभर उजेडाच्या सावलीत ठेवून मग सकाळच्या उन्हात न्या. मातीवर खडे चिकटवलेले असतील तर ते काढा, पाणी आत शिरत नाही. पाहुणे आले की एखादा दिवस हॉलमध्ये मांडायला हरकत नाही.

प्रश्न : फाटकाजवळ चाळीस फुटांचं कुंपण करायचं आहे. ज्युनिपर लावू की मोरपंखी?

उत्तर : नागपुरात कुंपणासाठी ज्युनिपर लावू नये. ओळीतले एक झाड गेले की पडलेली फट भरत नाही. मोरपंखी आपला उन्हाळा बऱ्यापैकी सोसते, पण पाणी साचणे तिलाही चालत नाही. काळ्या मातीत कुंती (कामिनी) लावा. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड करा. ज्युनिपर हवाच असेल तर फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंचवट्यावर एकेक लावा.