फॅशनमध्ये जायचंय म्हणणाऱ्या मुलीच्या हातात आधी एक जुना शर्ट द्या

तुम्ही विचारलंय की तुमची 16 वर्षांची भाची फॅशनमध्ये जायचं म्हणते, पण तिच्या लेखी त्याचे अर्थ दोनच, डिझायनर नाहीतर मॉडेल. चित्रकला बेताची आणि उंचीही बेताची, त्यामुळे आता ती हिरमुसून बसली आहे. या क्षेत्रात आणखी काय काय असतं हे तिला कसं दाखवावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी 22 वर्षं तयार कपड्यांच्या धंद्यात आहे, त्यातली बहुतेक पॅटर्न विभागात. म्हणजे चित्रातला कपडा अंगावर बसेल असे कागदी तुकडे करायचे आणि एका मापावरून बाकीची मापं काढायची. हे काम मी ज्यांच्याकडून शिकलो त्या मास्टरांना माणसाचं चित्र कधीच काढता आलं नाही. पण समोरच्याच्या खांद्याचा उतार ते नुसत्या नजरेनं सांगत. चित्रकलेवरून स्वतःला बाद करण्याचं तिला काहीही कारण नाही, हे आधी तिच्या कानावर घाला.

तिच्यापुढे कामांची यादी मात्र ठेवू नका. मर्चंडायझर, ग्रेडिंग, क्वालिटी, प्लॅनिंग हे शब्द या वयाच्या मुलांना काहीच सांगत नाहीत. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा एक जुना शर्ट आणि टाके उसवायचं हत्यार तिच्या हातात द्या आणि शर्ट पूर्ण उसवायला सांगा. कात्री अजिबात लावायची नाही.

मी हे शेजारच्या तीन मुलांबरोबर केलं होतं. दोन दिवस लागले. वीसहून जास्त तुकडे निघाले, ते आम्ही चादरीवर मांडले. त्यातला एक मुलगा कॉलरचे दोन थर एकमेकांवर ठेवून बघत होता. वरचा थर खालच्यापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर मोठा भरत होता. ‘हा चुकून मोठा कापलाय का?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, मुद्दाम तसा कापलाय. वरचा थर किंचित मोठा असला की कॉलर दुमडल्यावर शिवण खालच्या बाजूला जाते आणि वरून दिसत नाही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो प्रत्येक जोडीचे तुकडे मोजत बसला. असं मूल पॅटर्नच्या टेबलावर रमतं, हे मी पैजेवर सांगेन.

त्याच्यासोबतच्या मुलीला तुकड्यांत फारसा रस नव्हता. ती आतलं धुलाईचं लेबल घेऊन बसली होती. पाण्याचं भांडं, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि वर्तुळ ही चिन्हं कुणी ठरवली, आणि ‘गरम पाण्यात धुवू नका’ हे कुणाला आधी कसं कळलं, असे तिचे प्रश्न. त्याचं उत्तर प्रयोगशाळेत आहे. रंगीत कापडाला पांढरं कापड जोडून ते धुतात, घासतात, घामासारख्या द्रावणात भिजवतात. मग पांढऱ्यावर किती रंग उतरला ते करड्या छटांच्या पट्टीशी ताडून 1 ते 5 अंक देतात. हे रसायनशास्त्राचं काम आहे आणि ते फॅशनच्या ऐन मध्यावर बसलेलं आहे. कापडाच्या चाचणीत जी खोट राहून जाते ती पुढे कुणालाच भरून काढता येत नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. सुरुवातीच्या काळात एका ऑर्डरच्या वेळी प्रयोगशाळेचा आकसण्याचा आकडा यायच्या आत मी पॅटर्न पुढे पाठवला. कापड लांबीत 5 टक्के आकसणारं निघालं. 60 सेंटिमीटरची बाही धुतल्यावर 57 वर आली. कापलेला सगळा माल खालच्या मापात वळवावा लागला. तो दिवस मी विसरलेलो नाही. आमच्या पॅटर्नची प्रत्येक रेघ प्रयोगशाळेतल्या माणसाच्या एका आकड्यावर उभी असते, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

तुमच्या भाचीला हे घरी करता येईल. कोऱ्या सुती कापडावर बॉलपेननं 25 सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, कापड धुऊन वाळवायचं आणि पुन्हा मोजायचं. 24 भरलं तर 4 टक्के आकसलं. आणखी एक सोपा प्रयोग आहे. जुन्या टी-शर्टमधून 10 बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन कापून बारीक वजनकाट्यावर ठेवायचा. आलेले ग्रॅम गुणिले 100 म्हणजे त्या कापडाचा जीएसएम, एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 1.6 ग्रॅम आले तर 160. कापड खरेदी करणारा माणूस रोज याच भाषेत बोलतो. एक नेव्ही ब्लू आणि एक काळा पायमोजा घरातल्या दिव्याखाली आणि मग खिडकीपाशी धरून बघितले की रंग जुळवणाऱ्यांना वेगवेगळ्या दिव्यांची पेटी कशाला लागते तेही कळेल.

एकदा हे हाताखालून गेलं की मग माणसांच्या गोष्टी सांगा. भानू अथैया कोल्हापूरच्या. त्या चित्रकला शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करू लागल्या, तिथून कपडे करण्याकडे वळल्या आणि पुढे चित्रपटांच्या वेशभूषेकडे. 1983 मध्ये ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं. न्यूयॉर्कचे बिल कनिंगहॅम आधी टोप्या बनवत, मग फॅशनवर लिहू लागले आणि शेवटी रस्त्यावरच्या माणसांच्या कपड्यांचे फोटो काढणारे म्हणून ओळखले गेले. दोघांनीही पहिल्या दिवशी शेवटचं काम ठरवलेलं नव्हतं. 16 व्या वर्षी तिच्याकडूनही ती अपेक्षा करू नका.

मला स्वतःला आज सगळ्यात जास्त ओढ वाटते ती एका वेगळ्या कामाची, आणि त्याबद्दल तिला नक्की सांगा. चाकांच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्या माणसाची पँट वेगळी कापावी लागते. उभ्या माणसाच्या पॅटर्नवर ती शिवली तर मागून खाली सरकते आणि पुढे पोटाशी चुण्या पडतात. म्हणून मागचा भाग उंच घ्यायचा, पुढचा कमी करायचा. मागचे खिसे काढून टाकायचे आणि जाड शिवण बसण्याच्या जागी येऊ द्यायची नाही, कारण सतत दाब पडून तिथे जखम होऊ शकते. बोटांत जोर नसलेल्यांसाठी बटणाच्या जागी चुंबक किंवा वेलक्रो. हे काम करणाऱ्याला शिवणाइतकंच शरीर समजावं लागतं, आणि समोरच्याचं ऐकून घेण्याची चिकाटी लागते. तुमच्या भाचीला माणसांची सेवा करायची हौस असेल, तर ती हौसही फॅशनमध्ये कामी येते.

बाकी संगणकावर त्रिमितीत नमुने करणारे, दुकानातली मांडणी करणारे, संग्रहालयात जुनी वस्त्रं जपणारे, किती माल कधी लागेल याचा हिशेब लावणारे असे खूप आहेत. ते तिचे तिला सापडतील.

या धंद्याची काळी बाजू तिच्यापासून लपवू नका. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1100 हून जास्त माणसं गेली. बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा दिसल्या होत्या, तरी लोकांना कामावर बोलावलं गेलं. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये करार झाला आणि इमारत, वीज आणि आग यांचे जाणकार अभियंते कारखाने तपासू लागले. कपडे कुठे, कुठल्या छपराखाली शिवले जातात हे बघणं हीसुद्धा या क्षेत्रातली नोकरी आहे, आणि तिथे प्रामाणिक माणसांची फार गरज आहे.

पुढचं पाऊल म्हणजे, ज्या कामापाशी ती थांबेल ते करणाऱ्या एखाद्या माणसाशेजारी तिला एक दिवस बसू द्या. ‘तुमचं काम कसं आहे’ असं विचारू नको म्हणावं. ‘काल दुपारी 3 वाजता तुम्ही काय करत होता’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. कोर्सची फी भरण्याआधी तिथून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं आज काय काम करतात ते शोधा. आणि गणित, रसायनशास्त्र इतक्यात सोडायला देऊ नका. रंगाई, चाचण्या, पॅटर्न, खरेदी या सगळ्यांत ते लागतं.

शर्ट उसवायला घ्याल तेव्हा शिवताना जे शेवटी झालं ते आधी उसवायचं. म्हणजे खालची दुमड, मग कफ, मग बाहीपासून कुशीपर्यंतची लांब शिवण, मग बाह्या, आणि कॉलर अगदी शेवटी. कुशीची शिवण दुहेरी दुमडलेली असते, तिथे ती कंटाळेल. तिथे तुम्ही दुसऱ्या टोकानं उसवायला बसा. प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर घाला, कारण बहुतेक मुलं शेवटी विचारतात, ‘हा परत शिवता येईल का?’