गोव्यात जुनी गावठी जास्वंद कशी लावावी?

फोंड्याच्या जुन्या घराच्या कुंपणावरची लाल, एकेरी जास्वंद नव्या अंगणात हवी असेल, तर फांदीच लावा. हिला बी क्वचितच धरतं. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून अशी वीतभर फांदी डोळ्याखाली (जिथून पान फुटतं त्या पेराखाली) तिरकी कापा, वरची दोनच पानं ठेवा. साधारण ६ ते ८ आठवड्यांत मुळं धरतात. पाणी साचू देऊ नका. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणी हवीच, पण गणेश चवथीच्या तोंडावर नको. शेंड्यावर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की शेंडा खुडून लांब टाका, साबणाचं पाणी फवारा आणि मुंग्या आवरा. त्याच या ढेकणाला राखतात. संकरित जातींची फुलं मोठी, खरी, पण आपल्या पावसाला माझा भरवसा हिच्यावरच.