जुना क्लाइंबर स्टँड घेतलाय, आता काय? वाचकांचे प्रश्न

मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला हरणांच्या शिकारीचा धनुष्यबाणाचा सीझन सुरू होतो, १५ नोव्हेंबरला बंदुकीचा, आणि त्याच्या आधीचे दोन महिने लोक जुनं सामान शोधत असतात त्यामुळे यावेळचे जवळपास सगळे प्रश्न सेकंडहँड क्लाइंबरबद्दलच आहेत. ज्यांनी तो बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्लाइंबर म्हणजे दोन तुकड्यांचं मचाण, वरचा तुकडा बसायला, खालचा पाय ठेवायला, दोन्हींना खोडाभोवती घालायची केबल किंवा पट्टा, आणि माणूस उठत-बसत एकेक तुकडा वर सरकवत चढतो. शिडी नको, खिळे नकोत. पाठीवर टाकून जंगलात न्यायचा, हरणांची वाट सापडली की तिथल्या झाडावर चढायचं.

मार्केटप्लेसवर ७० डॉलरला अ‍ॅल्युमिनियमचा क्लाइंबर मिळाला. मॅन्युअल नाही, हार्नेस (पडलं तर झेलणारे अंगावरचे पट्टे) नाही, पण सांगाडा एकदम छान आहे. चढण्याआधी काय काय बघू? (ट्रॉय)

सांगाडा छान आहे हे चांगलंच आहे, पण तुम्हाला झाडावर धरून ठेवते ती केबल, त्यामुळे सुरुवात तिथून करा. केबलवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने वाकवत वाकवत बघा, कुठे चीर गेलीय का, कुठे आतून गंज फुगून कव्हर वर आलंय का, कुठे एकदा घडी पडून ती तशीच राहिलीय का. टोकाला जिथे धातूची नळी दाबून बसवलेली असते तिथे जास्त वेळ द्या, तार बहुतेक तिथेच तुटायला लागते. एखादं जुनं फडकं केबलवरून ओढा, तुटलेली बारीक तार असेल तर ते अडकतं. यातलं काहीही सापडलं तर केबल बाद, टेप-बिप गुंडाळायची नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानातून साधी वायर रोप आणून क्लॅम्प लावून तर अजिबातच नाही. त्याच कंपनीची त्याच मॉडेलची नवीन केबल मागवा, आणि मागवताय तर दोन्ही तुकड्यांची मागवा.

मग केबल सांगाड्याला अडकवणाऱ्या पिना. आधीच्या मालकाने मूळ पिन हरवून तिथे हाताला लागेल तो बोल्ट घातलेला असणं हे जुन्या स्टँडमध्ये सारखं दिसतं. त्या बोल्टची ताकद तुम्हाला माहीत नाही, त्याला माहीत नव्हती. मूळ पिन आणि तिची क्लिप कंपनीकडूनच घ्या.

मग वेल्डिंग. आधी साबणाच्या पाण्याने सगळं धुवून घ्या कारण चिखलाखाली चीर दिसत नाही, वाळल्यावर टॉर्च तिरका धरून एकेक जोड बघा. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ते चिरतं, आणि ती चीर रंगावरच्या केसासारख्या रेघेत दिसते. चिरलेला किंवा कुणीतरी घरी परत वेल्ड केलेला स्टँड नको. नळी वाकलेली असेल तरी नको, सरळ करून घेतली तरी नको. बसायच्या जागेचं कापड आणि पायात अडकवायचे पट्टे उन्हाने कुजतात, खारी आणि उंदीर कुरतडतात, ते बदलायचेच असं धरून चाला.

शेवटी स्टँडवरचं लेबल शोधा, त्यावर मॉडेल आणि वजनाची मर्यादा असते. मॉडेल कळलं की मॅन्युअल कंपनीच्या साइटवर बघा, आणि सीपीएससीच्या, म्हणजे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या साइटवर रिकॉल, म्हणजे सदोष माल परत मागवल्याची सूचना, निघालाय का ते पण बघा, ट्री स्टँडचे रिकॉल आत्तापर्यंत बरेच निघालेत आणि गॅरेज सेलवाल्याला ते माहीत असेलच असं नाही. लेबल नाही, मॉडेल ओळखता येत नाही, कंपनी बंद झालीय, केबल मिळत नाही, असं असेल तर तो स्टँड भंगारात द्या, आणि कृपा करून दुसऱ्याला विकू नका. ७० डॉलरच्या स्टँडवर केबल, पिना, पट्टे आणि नवीन हार्नेस धरून अजून तेवढे किंवा दुप्पट पैसे जातात, तरीसुद्धा नव्यापेक्षा स्वस्तात पडू शकतो, पण हा हिशोब आधी करा, घेऊन झाल्यावर नको.

माझ्याकडे स्टँडबरोबर हार्नेस फुकट आला. पॅकिंगमधून बाहेर पण काढलेला नाही, लेबलवर २०१४ लिहिलंय. न वापरलेला आहे म्हणजे चालेल ना? (कॅलमझू)

नाही चालणार. बहुतेक कंपन्या हार्नेसची मुदत बनवल्याच्या तारखेपासून पाच वर्षं धरतात, वापरलात की नाही याचा संबंध नाही. ज्या हार्नेसने एकदा कुणाला पडताना झेललंय तो पण बाद, आणि सेकंडहँडमध्ये ते तुम्हाला कोण सांगणार? हार्नेस नवीनच घ्या, पूर्ण अंगाचा, खांदे छाती आणि मांड्या धरणारा. नुसता छातीचा किंवा कमरेचा पट्टा वापरायचे दिवस कधीच गेले, त्यात लटकलं की श्वास कोंडतो. जुना हार्नेस कापून टाका म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही.

दादा, मी स्टुडंट आहे, घरमालकाच्या मागच्या अंगणात चढून बघितलं. दोन-तीन फूट गेलो की पाय ठेवायचा भाग पुढे झुकतो, आणि एकदा तर तो पायातून निसटून खालीच गेला. माझं काय चुकतंय? (लान्सिंग)

बरं झालं तू जमिनीपासून तीन फुटांवर असताना हे झालं, कारण हीच गोष्ट वीस फुटांवर झाली तर तू नुसत्या वरच्या तुकड्यावर बसलेला आणि खाली यायचा रस्ता नाही अशी परिस्थिती होते. दोन्ही तुकडे एकमेकांना दोरीने बांधलेले असायलाच हवेत. जुन्या स्टँडबरोबर ही दोरी बहुतेक वेळा आलेलीच नसते आणि नवख्याला ती असते हेच माहीत नसतं. मॅन्युअलमध्ये ती कुठे बांधायची ते दाखवलेलं असतं, आज बांध. लांबी एवढी ठेव की चढताना ताण येणार नाही, पण खालचा तुकडा निसटला तर हाताने ओढून परत वर घेता येईल.

आता झुकण्याचं. स्टँड झाडाला धरतो कसा ते आधी समजून घे. तुझं वजन खोडापासून लांब, बाहेरच्या बाजूला पडतं, त्यामुळे मागची केबल खोडाला आवळली जाते आणि सांगाड्याचे पुढचे दात सालीत रुततात. वजन आहे तोपर्यंत पकड आहे, वजन काढलं की पकड सुटते, म्हणूनच तो वर सरकवता येतो आणि म्हणूनच तो निसटतो पण. खोड वर जाताना बारीक होत जातं, केबलचा फेरा तेवढाच राहतो, मग बाहेरचं टोक खाली खाली येतं. म्हणून जमिनीवर सुरुवात करताना बाहेरचं टोक थोडं वर उचललेलं ठेवायचं, किती ते झाड किती निमुळतं आहे त्यावर, म्हणजे वर पोचेपर्यंत ते सपाट होतं. वर गेल्यावर अंदाज चुकला असं वाटलं तर खाली ये आणि जमिनीवर केबलचा फेरा लहान-मोठा कर, वर बसून पिना काढायच्या नाहीत.

चढताना तोंड झाडाकडे. पाय पट्ट्यात घट्ट. वरच्या तुकड्यावर वजन टाकून बस, पायांनी खालचा तुकडा उचल, तो खोडावर रुतला की टाचेने दाबून खात्री कर, मग उभा राहा, मग वरचा तुकडा सरकव. घाई केली की खालचा तुकडा नीट रुतायच्या आधीच तू उभा राहतोस आणि मला वाटतं तुझ्या बाबतीत तेच झालंय. हार्नेस जमिनीवरच घालायचा, झाडाचा दोर खोडाभोवती जमिनीवरच बांधायचा, आणि हार्नेस ज्या गाठीला जोडतात ती प्रुसिकची गाठ (हाताने सरकते, वजन पडलं की आवळते) दर टप्प्याला वर सरकवत जायचं. तू प्रश्नात हार्नेसचं नाव काढलं नाहीस. अंगणात तीन फुटांवर सराव करतानासुद्धा तो घाल, आणि अंगवळणी पडेपर्यंत गुडघ्याच्या उंचीवरच चढ-उतर कर, कुणालातरी शेजारी उभं करून.

धनुष्य किंवा बंदूक अंगावर घेऊन चढायचं नाही. वर बसून दोरीने ओढून घ्यायची, बंदूक रिकामी, नळी खाली, दोरी ट्रिगरपासून लांब.

माझं वजन ११८ किलो आहे, स्टँडवर ३०० पाउंड लिहिलंय. (नोव्हाय)

३०० पाउंड म्हणजे साधारण १३६ किलो, आणि त्यात तुमचे थंडीचे कपडे, बूट, बॅग, धनुष्य सगळं धरायचं असतं. नोव्हेंबरच्या कपड्यात बॅगेसकट बाथरूमच्या काट्यावर उभे राहा. १२८-१३० च्या वर काटा गेला तर माझ्या मते जुन्या स्टँडवर एवढी काठावरची मर्यादा गाठू नका, मोठ्या क्षमतेचा बघा. हार्नेसला पण वजनाची मर्यादा असते, ती वेगळी बघा.

कुठलं झाड निवडायचं? आमच्या मित्राच्या शेताच्या कडेला सरळसोट अ‍ॅशची झाडं आहेत, फांद्या नाहीत, एकदम परफेक्ट वाटतात. (जॅक्सन)

त्या अ‍ॅशवर चढू नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा किडा अमेरिकेत पहिल्यांदा २००२ मध्ये आपल्याच भागात, डेट्रॉइटजवळ सापडला आणि त्याने अ‍ॅशची झाडं अक्षरशः करोडोंनी मारली. मेलेला अ‍ॅश लवकर ठिसूळ होतो, उभा दिसतो, सरळ दिसतो, आणि वजन पडल्यावर मोडतो किंवा वरची फांदी डोक्यात येते. तुमच्या झाडांना फांद्या का नाहीत ते बघा. शेंड्याला पानं आहेत का, साल सुटलीय का, सुतार पक्ष्याने सोलून काढलीय का. पानं अजून आहेत तेव्हाच, म्हणजे सप्टेंबरातच, झाड ठरवायचं, नोव्हेंबरात जिवंत आणि मेलेलं सगळंच सारखं दिसतं.

रेड ओक चांगला, ट्यूलिप पॉपलर चांगला, लावलेल्या रेड पाइनच्या रांगा चांगल्या. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्यापट्ट्याने सुटते, तिच्यात दात रुतून काय उपयोग, ती सालच हातात येते. बीच नावाच्या झाडाचं खोड गुळगुळीत, त्यावर स्टँड घसरतो, आणि पाऊस किंवा हिमकण पडून गोठले असतील तर त्या दिवशी कुठल्याच झाडावर क्लाइंबर नको. खोड किती जाड चालेल ते मॅन्युअलमध्ये असतं, साधारण ८ ते २० इंच. उंचीचा हट्ट धरू नका, १५ ते २० फूट पुष्कळ झालं, त्याच्या वर बाणाचा कोन इतका तिरका होतो की दोन्ही फुफ्फुसांऐवजी एकच लागतं आणि जनावर जखमी होऊन लांब जातं. हे टाळणं आपल्या हातात आहे.

मी एच-१बी वर आहे. शिकार करू शकतो का? ऑफिसमधले म्हणतात बंदुकीला हात पण लावू नकोस. (फार्मिंग्टन हिल्स)

ऑफिसमधले अर्धे बरोबर आहेत. नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्याने बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, पण त्याला अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की तो अपवाद पण संपला, हे लक्षात ठेवा. १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिशिगनमध्ये लायसन्ससाठी हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो, तो आधी करा. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची मनाई लागू नाही. बंदूक विकत घ्यायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला, इथे चुकलं तर व्हिसावर येतं. माझा सल्ला म्हणाल तर पहिल्या वर्षी क्रॉसबो, म्हणजे ट्रिगरवालं आडवं धनुष्य, घ्या, फेडरल कायद्यात ती बंदुकीत मोडत नाही, आणि बंदुकीच्या सीझनपेक्षा जंगल पण शांत असतं.

नवऱ्याने जुना स्टँड आणलाय आणि पहाटे चारला एकटाच जातो. मी नको म्हणणार नाही, पण मी काय विचारायला हवं? (टोलीडो)

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक, हार्नेस जमिनीपासून जमिनीपर्यंत बांधलेला असतो का? वर पोचल्यावर बांधतो असं उत्तर आलं तर ते पुरेसं नाही, कारण लोक पडतात ते बहुतेक चढता-उतरताना. दोन, कुठल्या झाडावर? फोनवर पिन टाकून जायला सांगा, आणि किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर तुम्ही कुणाला फोन करायचा हे दोघांनी आधी ठरवा. तीन, फोन आणि शिट्टी अंगावरच्या खिशात आहे का, बॅगेत नको, लटकलेल्या माणसाचा हात बॅगेपर्यंत पोचत नाही. चार, सस्पेन्शन रिलीफ स्ट्रॅप आहे का. हार्नेसने झेललं म्हणजे सुटलो असं नसतं, लटकल्यावर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात आणि थोड्या वेळात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. त्या पट्ट्याच्या फासात पाय घालून उभं राहता येतं, पायातलं रक्त फिरतं राहतं. बसल्यावर दोर जवळजवळ ताणलेला असावा, म्हणजे पडलाच तर जेमतेम काही इंच. हे सगळं अंगणात फूटभर उंचीवर तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. त्याला ते जमलं तर तुम्हाला पण झोप लागेल.

नागपूरला मोठा भाऊ वाइल्डलाइफ फोटोग्राफी करतो, त्याला हा स्टँड नेऊन देऊ का? (शिकागो)

वनखात्याच्या जंगलात नको. तिथे परवानगीशिवाय पायी फिरता येत नाही, झाडावर चढून बसणं तर लांबच, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे असलं सामान घेऊन सापडणाऱ्याकडे वेगळ्याच नजरेने बघितलं जातं. त्याला मचाणावर बसायचंच असेल तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसवतं, त्यासाठी नाव नोंदवायला सांगा.

सरकारी जमिनीवर स्टँड झाडावरच ठेवून येऊ का? रोज वाहून कंटाळा येतो. (अ‍ॅन आर्बर)

मिशिगनमध्ये सरकारी जमिनीवर १ सप्टेंबरच्या आधी लावता येत नाही आणि १ मार्चपर्यंत काढावा लागतो. स्टँडवर तुमचं नाव-पत्ता, किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर, खालून वाचता येईल असा इंग्रजीत हवा. झाडाला खिळे-स्क्रू चालत नाहीत. नाव लावलं म्हणून जागा तुमची होत नाही, दुसरा कुणी आधी येऊन बसला तर त्याला उठवता येत नाही. ठेवायचाच तर दोन्ही तुकडे बुंध्याशी एकत्र करून केबल लॉक लावा, आणि परत चढण्याआधी प्रत्येक वेळी पट्टे आणि केबल पुन्हा हाताने तपासा, खारीला एक रात्र पुरते. मी मात्र नेतो-आणतो. वीस पाउंडचं ओझं आहे, पाठीचे पट्टे चांगल्या रुंद गादीचे लावून घेतले आणि दोन्ही तुकडे बंजीने घट्ट बांधले की वाजत पण नाही आणि खांद्यालाही लागत नाही.