वाचकांचे प्रश्न : जुना तांब्याचा बंब

प्रश्न : आजोबांच्या वेळचा, अंघोळीचं पाणी तापवायचा बंब माळ्यावरून खाली काढला. पाणी भरलं की खालून थेंब थेंब गळतं आणि निखारे विझतात. इपॉक्सीची लांबी (पुट्टी) लावली, ती आठवड्यात सुटली. – सातारा

उत्तर : जाळाच्या बाजूला लांबी टिकत नाही. आधी गळती नेमकी शोधा. राख-काजळी काढा, बंब विटांवर ठेवून पाणी भरा आणि मधल्या, जाळाच्या नळकांड्यात खालून बॅटरी मारा. ओल तोटीच्या बुडाशी असेल तर काम सोपं आहे: तोटी काढून आट्यांवर सफेदा (नळकामातला पांढरा लेप) लावून धागा गुंडाळा, पुन्हा आवळा.

ओल बुडाच्या सांध्यावर असेल तर डाक, म्हणजे सांध्यात वितळवून भरलेला धातू, निघाली आहे. बंब बहुधा कधीतरी कोरडा पेटला असावा. आत पाणी असेतो तांबं १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. पाणी संपून जाळ चालू राहिला, तर कथील-शिशाची साधी डाक १८३ अंशांपासूनच वितळू लागते.

जुनी डाक खरवडून तांबं लख्ख होईपर्यंत घासावं, नवसागर किंवा जस्ताचं पाणी (झिंक क्लोराइड) लावून मगच नवी डाक भरावी. रेडिओ दुरुस्तीची छोटी सोल्डरिंग इस्त्री इथे चालणार नाही. तांबं उष्णता लगेच पसरवतं आणि सांधा तापतच नाही. ब्लोलॅम्पच हवा. काम झाल्यावर नवसागर धुऊन टाका, नाहीतर तिथेच हिरवं किटण धरेल.

जाळालगतच्या सांध्याला आम्ही चांदीची डाक सुचवतो. ती ६०० अंशांच्या वर वितळते, पण तेवढ्या आचेत शेजारची साधी डाक सुटते, म्हणून हे काम तांबटाकडूनच करून घ्या. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत असे कारागीर आहेत. नळकांडं अंगठ्याने दाबल्यावर आत जात असेल किंवा भोकं एकाहून जास्त असतील, तर ठिगळ लावू नका, नळकांडंच बदला. पेटवण्याआधी बंब रात्रभर भरून ठेवा. खालचा कागद सकाळी कोरडा असला पाहिजे.

बंबात शिशाची डाक असू शकते, त्यामुळे त्याचं पाणी अंघोळीपुरतंच वापरा.

प्रश्न : धूर वर जात नाही, खालून तोंडावर येतो. बिडाची जाळीही दोन वर्षांत वाकली. – चिपळूण

उत्तर : दोन्हींचं मूळ बहुतेक राखेत आहे. जाळीला खालून येणारी हवाच थंड ठेवते. राख जाळीपर्यंत साचली की हवा अडते: वर धूर कोंडतो, खाली बीड लाल होऊन वाकतं. रोज पेटवण्याआधी राख काढा. नवी जाळी घेताना कडेने बोटाचं पेर मावेल इतकी सैल घ्या, बीड तापल्यावर फुगतं.

नळकांड्यातली काजळी पंधरा दिवसांनी, बंब गार असताना, काथ्याच्या कुंच्याने वरून खाली काढा. तारेचा ब्रश नको, तांबं झिजतं. काजळी चिकट डांबरासारखी असेल तर लाकूड ओलं आहे. एक उन्हाळा वाळलेलं, मनगटाहून बारीक सरपण वापरा; करवंट्या उत्तम, पण एका वेळी चार-पाचच.

आणि बंद न्हाणीघरात बंब पेटवू नका. निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो जीव घेतो. धूर नसला म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्यामुळे आत पांढरा थर बसलाय. पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो. – लातूर

उत्तर : क्षारांच्या थरातून उष्णता नीट जात नाही. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व या प्रमाणात बंब भरा, झाकण उघडं ठेवा, जाळ करू नका. बुडबुडे थांबले की, साधारण दोन-तीन तासांत, पाणी सोडून तीनदा खळबळा. रात्रभर ठेवू नका. आम्लाने तांबंही झिजतं. थर जाड असेल तर आठवड्याने पुन्हा करा. छिन्नीने ठोकून काढलात तर सांधे उकलतील.

प्रश्न : बंब नळाला कायमचा जोडून वर व्हॉल्व्ह बसवला तर? – फलटण

उत्तर : नको. बंबाचा पत्रा दाबासाठी केलेला नसतो. वाफेला मोकळी वाट नसली तर तो फुटेल. गार पाणी वरून ओतायचं, झाकण सैलच ठेवायचं.